‘उद्या करू’ म्हणून मागे पडलेली कामं : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : दर महिन्याचा अहवाल माझ्याकडे असतो. तारीख आधीच ठाऊक असते, माहितीही बरीचशी हाताशी असते. तरी फाइल उघडायची म्हटलं की मी दुसऱ्याच कामाला लागते. मग शेवटच्या दोन रात्री जागून अहवाल जातो आणि त्यात चुका राहतात. बाकीची कामं माझ्याकडून वेळेत होतात. मग इथेच का अडतं?

उत्तर : बाकीची कामं वेळेत होतात, हाच धागा धरा. आळस असता तर तो सगळीकडे दिसला असता. या एका कामात काहीतरी खुपतंय आणि मन ते टाळतंय. चालढकलीवर दीर्घकाळ संशोधन केलेले कॅनडातले मानसशास्त्रज्ञ टिमथी पिचिल हेच सांगत आले आहेत : माणूस काम टाळतो तेव्हा खरं तर त्या कामासोबत येणारी अस्वस्थता टाळत असतो. फाइल बंद केली की लगेच हायसं वाटतं आणि पुढच्या वेळी फाइल बंद करणं आणखी सोपं जातं. म्हणून नुसतं नवं वेळापत्रक आखून फरक पडत नाही.

आधी अहवालाचे तुकडे कागदावर मांडा : आकडे मागवणं, तक्ते भरणं, मागच्या महिन्याशी ताळा करणं, फरकाची कारणं लिहिणं, पाठवणं. प्रत्येकापुढे ‘नको का वाटतं?’ याचं एका ओळीत उत्तर लिहा. बहुतेकदा एक-दोनच तुकडे नडतात. दुसऱ्या विभागाकडून आकडे उशिरा येत असतील, तर ती तुमची चालढकलच नव्हे. मागणीचा मेल २० तारखेला पाठवा आणि त्यात ‘२५ तारखेपर्यंत हवेत’ असं स्पष्ट लिहा. ‘फरकाची कारणं’ किती खोलात लिहायची हे कळत नसेल, तर मागच्या अहवालातला एक परिच्छेद वरिष्ठांना दाखवा आणि ‘एवढा तपशील पुरे का?’ असं विचारा. पाच मिनिटांच्या या बोलण्याअभावी अख्खा आठवडा कुढत जातो.

यादीत ‘अहवाल’ असं लिहू नका. ते कामांचं गाठोडं आहे, ते बघूनच नको वाटतं. ‘मागच्या फाइलची प्रत काढून तारखा बदलणे’ असं लिहा. दहा मिनिटांत होईल असं आणि क्रियापदानिशी. त्याला एखाद्या ठरलेल्या घटनेची जोड द्या : ‘सोमवारी संगणक सुरू केला की मेल उघडण्याआधी प्रत काढेन.’ अशी ‘अमुक झालं की तमुक करेन’ या साच्यातली योजना नुसत्या निश्चयापेक्षा जास्त तडीस जाते, हे पीटर गॉलविट्झर यांच्या संशोधनातून पुढे आलं आहे. इथे हमखास होणारी चूक म्हणजे ‘दुपारी वेळ मिळाला की’ असं लिहिणं. तसा वेळ मिळत नसतो. खूण डोळ्यांना दिसणारी हवी.

बसल्यावर २५ मिनिटांचा गजर लावा, मग ५ मिनिटं थांबा. चार फेऱ्यांनंतर मोठी सुट्टी. ही पद्धत फ्रान्चेस्को चिरिल्लो यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस रूढ केली. २५ जड वाटली तर १० पासून सुरू करा. पाच मिनिटांच्या सुट्टीत मोबाइल हातात घेऊ नका. ती सुट्टी हटकून लांबते. उभं राहा, पाणी प्या. पहिल्या दिवशी फक्त लिहा, सुधारणा दुसऱ्या दिवशी. उठताना फाइलच्या वरच पुढची जागा नोंदवून ठेवा : ‘पुढे : तक्ता ३, ओळ १२ पासून’. दुसऱ्या दिवशी कुठून सुरू करायचं हा प्रश्नच उरत नाही.

या महिन्यातही घसरलात तर स्वतःला कोसत बसू नका. पिचिल आणि सहकाऱ्यांच्या २०१० सालच्या अभ्यासात, पहिल्या परीक्षेच्या वेळी झालेल्या चालढकलीबद्दल ज्या विद्यार्थ्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी पुढच्या परीक्षेच्या तयारीत कमी चालढकल केली.

प्रश्न : माझ्या यादीत चाळीसच्या वर कामं आहेत. रोज चार खोडतो, सहा वाढतात.

उत्तर : दोन याद्या करा. मोठी यादी म्हणजे कोठार. ती दिवसभर समोर ठेवायची नाही. आजच्या यादीत एक अवघड काम आणि तीन किरकोळ, बस्स. अवघड काम दिवसाच्या सुरुवातीला, कारण संध्याकाळकडे ढकललं की ते उद्यावरच जातं. एखादं काम सलग तीन दिवस पुढे सरकलं तर चौथ्या दिवशी तसंच उतरवून घेऊ नका. ते मोठं असेल तर तोडा, दुसऱ्याचं असेल तर परत द्या, गरज संपली असेल तर खोडून टाका.

उद्याची यादी आज निघण्याआधीच्या दहा मिनिटांत करा. अर्धवट काम डोक्यात घोळत राहतं, पण ते कधी आणि कसं करायचं हे नेमकं ठरवलं की घोळणं कमी होतं, असं मासिकाम्पो आणि बाउमाइस्टर यांनी २०११ मध्ये प्रयोगांतून दाखवलं. झोपेसाठीही हे बरं. आणि यादी एकाच जागी हवी : वही किंवा फोन. दोन्हीकडे ठेवली की कशावरच विश्वास राहत नाही.

प्रश्न : दोन तासांचं काम नेहमी चार तास घेतं.

उत्तर : हे जवळपास सगळ्यांचं होतं. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांनी आपला प्रबंध सरासरी ३४ दिवसांत होईल असं सांगितलं होतं. प्रत्यक्षात सरासरी ५५ दिवस लागले. अंदाज बांधताना आपण सगळं सुरळीत चालल्याचं चित्र रंगवतो आणि मागचे अनुभव बाजूला ठेवतो. तेव्हा अंदाज करूच नका, नोंद बघा. तेच काम मागच्या तीन वेळा किती वेळात झालं ते लिहून ठेवा आणि शब्द देताना त्यातला सर्वांत मोठा आकडा सांगा. आठ तासांच्या दिवसात पाचांहून जास्त तासांची कामं मांडू नका. उरलेला वेळ फोन, बैठका आणि अचानक उगवलेली कामं खातातच.

प्रश्न : मेल आणि मेसेज दिवस खाऊन टाकतात. न वाचलेले मेल हजारांवर गेलेत.

उत्तर : एका कामातून दुसऱ्यात उडी मारली तरी लक्ष पूर्ण वळत नाही, पहिल्याचा काही भाग मनात रेंगाळतो. सोफी लरॉय यांचा २००९ सालचा शोधनिबंध याच विषयावर आहे. सूचनांचे आवाज बंद करा आणि मेल ठरलेल्या तीन वेळांनाच उघडा. सहकाऱ्यांना सांगून ठेवा : ‘तातडीचं असेल तर फोन करा.’ हे न सांगता सूचना बंद केल्या तर तक्रारी येतात आणि दोन दिवसांत सगळं पूर्ववत होतं.

३० दिवसांपूर्वीचे सगळे मेल ‘जुने’ नावाच्या एका फोल्डरमध्ये हलवा. काही डिलीट करायचं नाही, शोधलं की सापडतं. उरलेल्यांपैकी दोन मिनिटांत उरकणाऱ्यांना तिथंच उत्तर द्या; बाकीच्यांतलं काम यादीत उतरवा आणि मेल बंद करा. आठवण म्हणून मेल ‘न वाचलेला’ करून ठेवू नका, तो चार दिवसांत खाली बुडतो.

प्रश्न : दडपण असलं की माझं काम चांगलं होतं. मग आधी का करायचं?

उत्तर : दडपणाखाली काम होतं खरं, पण चांगलं होतं का हे तपासा. शेवटच्या दिवशी पाठवलेल्या पाच कामांत किती दुरुस्त्या परत आल्या ते मोजा. मुदतीचा धाक उपयोगी आहेच, म्हणून तो अलीकडे आणा. अॅरिएली आणि व्हर्टनब्रोख यांच्या २००२ सालच्या प्रयोगात मुद्रितशोधनाच्या तीन कामांना समान अंतराच्या मुदती मिळालेल्या लोकांनी सर्वांत जास्त चुका शोधल्या. स्वतः मुदती ठरवणारे त्यांच्या मागे आणि एकच अंतिम मुदत असलेले सर्वांत मागे. म्हणून मधल्या मुदती दुसऱ्याला देऊन टाका : ‘बुधवारी चारपर्यंत कच्चा मसुदा पाठवते.’

प्रश्न : फाइल शोधण्यातच वेळ जातो. ‘अंतिम’, ‘अंतिम २’ अशा नावांचा गोंधळ आहे.

उत्तर : नावाची सुरुवात तारखेने करा : वर्ष, महिना, दिवस या क्रमाने, मग विषय, मग आवृत्ती. उदाहरणार्थ ‘२०२५-०३-१४ विक्री अहवाल आ०२’. हाच क्रम ठेवला तर नावानुसार लावलेल्या फाइली आपोआप काळाच्या क्रमाने येतात. दिवस आधी लिहिला तर सगळे महिने एकमेकांत मिसळतात. ‘अंतिम’ हा शब्द पाठवलेल्या फाइलपुरताच ठेवा आणि ती वेगळ्या फोल्डरमध्ये टाका.