घरच्या जुन्या कागदातलं 'देवगड' नेमकं कोणतं, हे कसं शोधायचं?

तुम्ही लिहिलंय की पणजोबांच्या कागदावर 'मूळ ठिकाण देवगड, हल्ली मुक्काम महाल, नागपूर' असं आहे आणि घरातले सगळे म्हणतात, आपण मूळचे कोकणातले. कोकणाची तिकिटं काढण्याआधी जरा थांबा. नागपूरच्या घरातल्या कागदात देवगड दिसलं, की मी आधी छिंदवाड्याकडे बघतो.

छिंदवाड्याच्या नैर्ऋत्येला डोंगरात एक देवगड आहे. ती गोंड राजांची राजधानी. ज्यानं १७०२ च्या सुमारास बारा खेडी जोडून नागपूर वसवलं, तो बख्त बुलंद शाह तिथलाच राजा. गादी खाली नागपुरात आली, तिच्यामागे माणसंही आली. मग हे देवगड आपल्या तोंडी का नाही? कारण १९५६ पर्यंत छिंदवाडा आणि नागपूर एकाच राज्यात होते. त्या वर्षी १ नोव्हेंबरला विदर्भ मुंबई राज्यात आला, छिंदवाडा मध्य प्रदेशातच राहिला. पुढच्या पिढ्यांना देवगड म्हटलं की हापूस तेवढा आठवतो.

आता गॅझेटिअर, म्हणजे इंग्रजी राजवटीत प्रदेशांची आणि जिल्ह्यांची माहिती देणारे सरकारी ग्रंथ. चार्ल्स ग्रँटनं संपादित केलेलं मध्य प्रांताचं १८७० चं, मग रसेलचं छिंदवाड्याचं १९०७ चं आणि नागपूरचं १९०८ चं, या क्रमानं वाचा. कोकणचं देवगडही तपासायलाच हवं, पण ते 'सिंधुदुर्ग' म्हणून शोधू नका. तो जिल्हा १९८१ मध्ये झाला. जुन्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरात रत्नागिरी-सावंतवाडीचा दहावा खंड आहे, १८८० चा, त्यात बघा. इंग्रजी स्पेलिंगला तर अजिबात चिकटून राहू नका. 'देव' कुठे 'देओ' होतो, 'गड' कुठे 'गढ' होतो. शिवाय झारखंडात वैद्यनाथाचं देवघर आहे, ओडिशात एक देवगड आहे, मेवाडात एक आहे. इंग्रजी अक्षरांत ही सगळी एकाच रांगेत येऊन बसतात.

म्हणून नाव जुळलं म्हणजे गाव सापडलं असं धरू नका, शेजार जुळवा. माझ्या आजीचं माहेर देवळी. मी कित्येक वर्षं ती वर्ध्याची देवळी समजत होतो, तालुक्याचं गाव म्हणून तीच आधी डोळ्यासमोर यायची. पण आजीच्या प्रत्येक गोष्टीत वेणा नदी होती, पुरात अडकलेल्या बैलगाड्या होत्या. वेणा तर वर्ध्याच्या त्या देवळीला लागत नाही. नकाशावर नदीच्या कडेनं बोट फिरवत गेलो, तेव्हा नागपूरजवळच्या हिंगण्याकडची देवळी सापडली. त्या दिवशी आजी नव्हती याचं अजून वाईट वाटतं.

तुमच्या कागदात देवगडच्या खालच्या ओळीत 'मोहगाव' आहे असं तुम्ही म्हणता. एकट्या मोहगावावर विसंबू नका, मोहाची झाडं जिथे तिथे मोहगाव. पण त्याच्या पुढे 'सौसर' असेल तर माझी शंका जवळजवळ फिटेल. सौसर-मोहगाव हा छिंदवाड्याचाच मराठी बोलणारा पट्टा, नागपूरला अगदी लागून. (२०२३ पासून सौसर नव्या पांढुर्णा जिल्ह्यात गेलंय. आजच्या नकाशावर छिंदवाडा जिल्ह्यात सापडलं नाही म्हणून घाबरू नका.)

आणखी एक. देवगड हे गडाचं नाव, तसंच अख्ख्या राज्याचंही. 'देवगडच्या राज्यातले' असा मजकूर असेल, तर तुमचे पूर्वज गडावर पाऊल न ठेवताही 'देवगडचे' ठरतात, कदाचित नागपूरच्याच एखाद्या खेड्यातले. तेव्हा 'देवगड' या शब्दाआधी काय लिहिलंय, 'मौजे' (गाव), 'किल्ले', 'परगणे' (अनेक गावांचा महसुली विभाग) की नुसतंच नाव, ते नीट बघा. मोडी असेल तर जाणकाराकडून वाचून घ्या आणि त्या दोन ओळी जशाच्या तशा इथे टाका. पुढचं आपण मिळून लावू.