मावसबहिणीला नाही कसं म्हणू?

प्रश्न : ताई, आम्ही अमळनेर तालुक्यातले, घरचा तीन एकर कापूस. मागच्या महिन्यात मावसबहिणीनं शेतात भरीत पार्टीला बोलावलं, जेवणं झाल्यावर जळगावहून आलेल्या एका सरांनी लॅपटॉपवर प्लॅन दाखवला. १८ हजारांचं किट घ्यायचं, खाली सहा जण जोडायचे, ते पुढे सहा-सहा जोडतील आणि आपल्याला घरबसल्या पैसे येत राहतील. कापसाचे पैसे आत्ताच हातात आलेत, बहीण रोज फोन करतेय, नाही म्हटलं तर ती दुखावेल. काय करू?

उत्तर : ताई, पैसे देऊ नका. आधी तो सहा-सहाचा हिशोब कागदावर मांडून बघा. ६, ३६, २१६, १२९६ असं करत नवव्या पायरीला आकडा एक कोटीच्या वर जातो, आणि जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्हे मिळून २०११च्या जनगणनेत ८० लाखसुद्धा माणसं नव्हती, त्यात तान्ही बाळं पण आली. म्हणजे खालच्यांना जोडायला माणूसच उरत नाही, आणि तुमची बहीण तुमच्यापर्यंत आली याचा अर्थ तुम्ही वरच्या पायरीवर नाही आहात.

माझ्या सख्ख्या जावेनं हे दोन वर्षं केलंय म्हणून जीव तोडून सांगते. चेक आला की फोटो स्टेटसला लागायचा पण आयडी, म्हणजे कंपनीतलं आपल्या नावाचं खातं, चालू ठेवायला दर महिन्याला माल उचलावा लागायचा, सेमिनारचं तिकीट, गाडीभाडं, आलेल्या-गेलेल्याचा चहा-नाश्ता हे कुणी लिहून ठेवत नव्हतं. शेवटी दिवाणाखाली प्रोटीन पावडरचे अकरा डबे निघाले, तारीख संपत आलेली, ती मुलांच्या दुधात घालून संपवत होती. तेही सोसलं असतं तिनं, पण भाचीचे पैसे तिच्या शब्दावर गेले होते. एका साखरपुड्यात ती पंगतीत बसली तर शेजारच्या दोघी उठून दुसरीकडे गेल्या, मी समोरच होते. कंपनीला गावात कुणी ओळखत नाही हो, लोक आपल्या तोंडाकडे बघून पैसे देतात आणि बुडाले की आपल्याच दारात येतात.

कायद्याचंही ऐका. माल नुसता नावाला आणि पैसा खरा माणसं जोडण्यावर फिरवायचा, अशा मनी सर्क्युलेशनवर १९७८च्या कायद्यानं बंदी आहे, त्यात योजना चालवणाराच नाही तर माणसं भरती करणाराही गुन्ह्यात येतो, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. डिसेंबर २०२१ मध्ये डायरेक्ट सेलिंगचे, म्हणजे दुकानाशिवाय थेट माणसांमार्फत माल विकण्याचे नियम आले, त्यात पिरॅमिड स्कीमला, म्हणजे खाली माणसं जोडत जाऊन पैसे मिळवायच्या अशा साखळीला, सरळ मनाई आहे. सगळ्याच कंपन्या तशा असतात असं नाही, खरोखर माल विकून कमिशन देणाऱ्याही असतात, पण तिथे लेखी करार असतो आणि ठरावीक मुदतीत दंड न भरता करार मोडता येतो. त्या सरांकडे कराराचा कागद मागा आणि विचारा, एकही माणूस न जोडता नुसता माल विकला तर मला किती सुटतील? उत्तर गोल-गोल आलं की समजून जा. शंका वाटली तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन करा.

बहिणीला फोनवर नका सांगू, घरी जाऊन बसा. म्हणा, "तुझ्याकडचा साबण मला लागेल तेवढा रोख देऊन घेईन, पण माझ्या नावाचा आयडी नको." आणि तिला तिच्याच वहीत सहा महिन्यांचं आलेलं-गेलेलं लिहायला लावा, तुम्ही शेजारी बसून. बहुतेक ती स्वतःच अडकलीय आणि घरात कुणाला बोलू शकत नाहीये, माझी जाऊ तशीच होती.

आणि हो, आधार-पॅनची झेरॉक्स देऊन बसू नका. "आयडी तर टाकून ठेवू, पैसे नंतर दे" म्हणतात, मग त्या नावावर रोज तगादा लागतो.