मुदत संपलेले पेटंट वापरताना

प्रश्न : आमचा शिरोलीला फॅब्रिकेशनचा छोटा कारखाना आहे. ऊस रोपवाटिकांसाठी कांडीवरचा डोळा काढणारे यंत्र तयार करण्याचा आमचा विचार आहे. इंटरनेटवर शोध घेताना अशा यंत्राचा एक भारतीय पेटंट अर्ज सापडला. त्याच्यापुढे ‘अबँडन्ड’ अशी नोंद आहे. पात्याच्या रचनेचे एक जुने अमेरिकी पेटंटही मिळाले. ते ‘एक्स्पायर्ड’ दिसते. या दोन्हींमधील तंत्र वापरून यंत्र बनवले आणि विकले तर चालेल का? मूळ संशोधकांची परवानगी घ्यावी लागेल का? – एक वाचक, शिरोली, जि. कोल्हापूर

उत्तर : आपल्या प्रश्नातील परवानगीचा भाग सोपा आहे, म्हणून त्याचे उत्तर आधी देतो. ज्या पेटंटाची मुदत संपली आहे त्यातील तंत्र वापरण्यासाठी पेटंटधारकाची परवानगी लागत नाही, त्याला कळवावे लागत नाही आणि मोबदलाही द्यावा लागत नाही. असे तंत्र वापरताना अनेक उद्योजकांना आपण कोणाचे तरी हिरावून घेत आहोत असे वाटते, परंतु त्याला काही आधार नाही. पेटंट हा संशोधक आणि समाज यांच्यातील एक व्यवहार आहे. त्या क्षेत्रातील जाणकाराला स्वतः करून पाहता येईल इतक्या तपशिलाने संशोधकाने आपला शोध लिहून द्यायचा आणि त्याबदल्यात इतरांना रोखण्याचा अधिकार त्याला ठरावीक काळ मिळायचा, असे त्याचे स्वरूप आहे. आपल्या १९७०च्या पेटंट कायद्यातील कलम ५३ नुसार हा काळ अर्ज दाखल केल्याच्या तारखेपासून २० वर्षांचा असतो. पीसीटीच्या, म्हणजे अनेक देशांसाठी एकच आंतरराष्ट्रीय अर्ज करू देणाऱ्या कराराच्या, मार्गाने आलेल्या अर्जासाठी ही २० वर्षे आंतरराष्ट्रीय अर्जाच्या तारखेपासून मोजतात. मुदत संपल्यावर, किंवा नूतनीकरण शुल्क न भरल्यामुळे हक्क संपल्यावर, त्या विषयाला कोणतेही संरक्षण उरत नाही, असे याच कलमाचे चौथे पोटकलम सांगते. समाजाने २० वर्षे थांबून या ज्ञानाची किंमत चुकती केलेली असते. ते वापरण्यात संकोच बाळगू नये.

आपल्याला सापडलेला भारतीय दस्तऐवज मात्र पेटंट नाही, तो अर्ज आहे. पेटंट कार्यालयाचा पहिला तपासणी अहवाल आल्यानंतर अर्जदाराला त्यातील आक्षेप दूर करण्यासाठी सहा महिने मिळतात आणि ही मुदत आणखी तीन महिन्यांनी वाढवून घेता येते. तेवढ्या काळात काहीच उत्तर दिले नाही, तर कलम २१ प्रमाणे अर्ज सोडून दिला असे समजले जाते. अशा अर्जातून इतरांना रोखण्याचा अधिकार कधी जन्मालाच आलेला नसतो, कारण अर्ज प्रसिद्ध झाला तरी पेटंट मंजूर होईपर्यंत उल्लंघनाचा दावा लावता येत नाही. सोडलेला अर्ज पुन्हा जिवंत करण्याची सरळ वाट कायद्यात नाही. तरीही काही अर्जदारांनी रिट याचिका दाखल केल्या आहेत, आणि अर्जदाराचा हेतू अर्ज सोडण्याचा नव्हता, चूक त्याच्या पेटंट एजंटाकडून झाली, असे दिसले तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने काही अर्ज पूर्ववत केले आहेत. मात्र तो अर्ज काही वर्षांपूर्वीचा असेल तर ही शक्यता फारशी उरत नाही. अलीकडेच सोडलेला असेल तर यंत्राच्या साच्यांवर मोठा खर्च करण्याआधी त्याची स्थिती अधूनमधून पाहत राहावी. त्या अर्जातून वेगळा काढलेला विभागीय अर्ज प्रलंबित आहे का, हेही पाहावे, कारण मूळ अर्ज सोडला गेला तरी विभागीय अर्ज स्वतंत्रपणे चालतो.

यापेक्षा मोठी चूक दुसऱ्याच ठिकाणी होते. एका अर्जदाराने अर्ज सोडला, यावरून त्याला स्वतःला अधिकार मिळाला नाही एवढेच सिद्ध होते. ते तंत्र सर्वांसाठी मोकळे आहे हे सिद्ध होत नाही. कित्येकदा आपल्या आधी दुसऱ्याच कोणीतरी तसेच यंत्र शोधल्याचे तपासणी अहवालातून कळते आणि मग अर्जदार तो विषय सोडून देतो. ते आधीचे पेटंट भारतात अजून चालू असेल, तर सोडलेल्या अर्जाप्रमाणे बनवलेले आपले यंत्र त्या पेटंटाच्या कक्षेत येऊ शकते. म्हणून ‘इनपास’ या पेटंट कार्यालयाच्या शोधप्रणालीवर त्या अर्जाचा तपासणी अहवाल उघडून त्यात कोणत्या आधीच्या पेटंटांचा उल्लेख आहे ते वाचावे. आपल्यासारख्या उद्योजकाला मूळ अर्जापेक्षाही हा अहवाल अधिक उपयोगाचा ठरतो असे माझे मत आहे, कारण एका प्रशिक्षित तपासनिसाने घेतलेला शोध तेथे विनामूल्य वाचायला मिळतो.

अमेरिकी पेटंटाविषयी एक गोष्ट आधी स्पष्ट करतो. पेटंटाचा अंमल ज्या देशाने ते दिले त्या देशापुरताच असतो. त्या शोधाचे भारतात पेटंट घेतलेलेच नसेल, तर अमेरिकेत ते चालू असतानाही येथे यंत्र बनवण्यास व विकण्यास त्याची आडकाठी नव्हती. आणि एकदा प्रसिद्ध झालेला जुना शोध नवीन राहत नसल्यामुळे त्यावर आता येथे पेटंट मिळणेही शक्य नाही. यंत्र अमेरिकेला निर्यात करणार असाल तर मात्र ‘एक्स्पायर्ड’ या नोंदीचे कारण शोधावे. तेथे पेटंट मिळाल्यानंतर साडेतीन, साडेसात आणि साडेअकरा वर्षांनी शुल्क भरावे लागते. ते चुकल्यामुळे संपलेले पेटंट, चूक हेतुपुरस्सर नव्हती असे दाखवून पुन्हा चालू करून घेता येते. पूर्ण मुदत भोगून संपलेले पेटंट परत येत नाही.

तंत्र मोकळे झाल्यावर काय घडते आणि काय बांधलेलेच राहते, हे थ्रीडी प्रिंटरच्या उदाहरणात फार स्पष्ट दिसते. वितळलेल्या प्लास्टिकचे थरावर थर देऊन वस्तू घडवण्याच्या पद्धतीसाठी स्कॉट क्रंप यांनी १९८९ मध्ये अमेरिकेत अर्ज केला, १९९२ मध्ये पेटंट मिळाले आणि २००९ मध्ये ते संपले. इंग्लंडमधील बाथ विद्यापीठातील एड्रियन बोयर यांनी २००५ मध्ये ‘रेपरॅप’ हा खुला प्रकल्प सुरू केलेला होताच. मूळ पेटंट संपल्यावर त्या आराखड्यांवरून अनेक छोट्या कंपन्या उभ्या राहिल्या आणि कारखान्यातले महागडे यंत्र विद्यार्थ्याच्या टेबलावर आले. तरीही सगळे एकाच दिवशी खुले झाले नाही. छपाई चालू असताना भोवतालचा बंदिस्त कक्ष तापता ठेवण्याच्या रचनेवर क्रंप यांच्याच स्ट्रॅटासिस कंपनीचे वेगळे पेटंट होते आणि ते पुढे दहा वर्षांहून अधिक काळ चालले. शिवाय ‘एफडीएम’ हे नाव त्या कंपनीचे व्यापारचिन्ह असल्यामुळे खुल्या प्रकल्पातील मंडळींनी त्याच पद्धतीसाठी ‘एफएफएफ’ हे दुसरे नाव रूढ केले.

आपल्या यंत्रालाही हेच लागू आहे. पात्याच्या रचनेचे पेटंट संपले असेल, पण कांडी पुढे सरकवणाऱ्या भागाचे किंवा डोळ्याची जागा ओळखणाऱ्या यंत्रणेचे पेटंट दुसऱ्या कोणाचे असू शकते. यंत्राच्या बाह्य रूपाची नोंदणी डिझाइन कायद्याखाली झालेली असेल तर ती १० वर्षे, आणि वाढवून घेतल्यास १५ वर्षे टिकते. व्यापारचिन्ह दर दहा वर्षांनी नूतनीकरण करून कितीही काळ चालू ठेवता येते. दुसऱ्याच्या माहितीपुस्तिकेतील मजकूर आणि छायाचित्रे तर उचलूच नयेत.

पडताळणीसाठी पेटंट कार्यालयाचे ऑनलाइन रजिस्टर पाहावे आणि त्याच्या पानाची तारखेसह प्रत जपून ठेवावी. एखाद्या पेटंटाचे शुल्क भरले आहे का, त्याचा अंमल केव्हा संपला, ही माहिती कलम १५३ खाली शुल्क भरून कोणालाही अधिकृतपणे मागता येते. महाराष्ट्रातील अर्ज मुंबईला अँटॉप हिल येथील कार्यालयाच्या कक्षेत येतात. पेटंट वाचताना शीर्षकावर किंवा सारांशावर न थांबता शेवटी दिलेले दावे वाचावेत, कारण हक्काची हद्द तेथेच आखलेली असते. आपले नकाशे घेऊन एकदा पेटंट एजंटाचे लेखी मत घेतलेत, तर तो खर्च वाया जाणार नाही.

प्रश्न : शुल्क न भरल्यामुळे एक पेटंट बंद पडले आहे असे पाहून आम्ही गेल्या वर्षी तशा प्रकारचे फवारणीचे नोझल बनवू लागलो. आता पेटंटधारक ते पुन्हा चालू करून घेणार असल्याचे सांगतो. आम्हाला काम बंद करावे लागेल का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : शुल्काअभावी संपलेले पेटंट आणि मुदत पूर्ण होऊन संपलेले पेटंट यांतील हाच भेद बहुतेकांच्या लक्षात येत नाही. पेटंटाचा अंमल संपल्याच्या तारखेपासून १८ महिन्यांच्या आत कलम ६० प्रमाणे ते पुनःस्थापित करण्याचा अर्ज करता येतो. तो अर्ज प्रसिद्ध झाल्यापासून दोन महिन्यांत कोणालाही विरोध नोंदवता येतो. शुल्क अनवधानाने राहिले नव्हते, किंवा अर्ज करण्यास अवाजवी विलंब झाला, अशी दोनच कारणे त्यासाठी चालतात. जुने पत्रव्यवहार पाहून यापैकी काही दाखवता येत असेल तर विरोध अवश्य नोंदवा.

पेटंट परत चालू झाले तरी आपल्याला कलम ६२चा आधार आहे. अंमल संपल्याची तारीख आणि पुनःस्थापनेचा अर्ज प्रसिद्ध झाल्याची तारीख यांच्या दरम्यान आपण जे केले त्याबद्दल उल्लंघनाचा दावा लावता येत नाही. त्या काळात ज्यांनी शोधाचा वापर सुरू केला, किंवा करार करून अथवा अन्य प्रकारे त्यासाठी निश्चित पावले उचलली, त्यांच्या संरक्षणासाठी पेटंट नियंत्रक अटी घालू शकतात. हे संरक्षण कागदांवर उभे राहते, म्हणून साच्यांची बिले, मालाच्या ऑर्डरी आणि रजिस्टरची तेव्हाची प्रत आजच एकत्र करा. अर्ज प्रसिद्ध झाल्यानंतरच्या उत्पादनाला मात्र दाव्यापासूनची ही मोकळीक नाही. पुढे किती चालू ठेवता येईल हे नियंत्रकांच्या अटींवर ठरेल. तोपर्यंत नवीन साच्यांत पैसे गुंतवू नका, असा माझा सल्ला आहे.

प्रश्न : औषधाचे पेटंट संपले की दुसऱ्या कंपन्यांना ते लगेच विकता येते का? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : पेटंटाच्या बाजूने हो, परंतु मुदत संपण्यापूर्वी विक्रीचा माल बनवून साठवता येत नाही, कारण बनवणे हेही उल्लंघनच आहे. औषध नियंत्रकांच्या मंजुरीसाठी लागणाऱ्या चाचण्या व माहितीपुरते उत्पादन करण्याची मुभा कलम १०७-अ देते, त्यामुळे मंजुरीचे काम आधीच पूर्ण करून ठेवता येते.

खरी अडचण असते ती त्याच औषधावरील पुढच्या पेटंटांची. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगावरील बेडाक्विलिनचे मूळ पेटंट भारतात जुलै २०२३ मध्ये संपले. त्याच्या फ्युमरेट क्षारावर, म्हणजे त्याच औषधाच्या एका रासायनिक रूपावर, आणखी एक पेटंट मूळ कंपनीला हवे होते आणि ते मिळाले असते तर मक्तेदारी काही वर्षे लांबली असती. मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांनी त्याला विरोध नोंदवला. क्षयरोगावरील जुन्या औषधांच्या दुष्परिणामाने या दोघींची श्रवणशक्ती गेलेली होती. मार्च २०२३ मध्ये पेटंट कार्यालयाने तो अर्ज फेटाळला. पेटंट मंजूर होण्यापूर्वी असा विरोध कलम २५ खाली कोणत्याही व्यक्तीला नोंदवता येतो. त्यासाठी औषध कंपनी किंवा प्रतिस्पर्धी उत्पादक असण्याची गरज नाही.