वाचकांचे प्रश्न : जुने चित्रपटगृह, जुने चित्रपट

प्रश्न : माझे वडील गिरगावात वाढले. ‘ऑपेरा हाऊसला सिनेमा पाहिला’ असे ते नेहमी सांगत. नूतनीकरणानंतर मी तिथे एका कार्यक्रमाला गेलो, तेव्हा ते एखाद्या राजवाड्यातल्या नाट्यगृहासारखे वाटले. तिथे खरोखर चित्रपट लागत असत का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : आपल्या वडिलांची आठवण खरी आहे आणि आपल्याला जे वाटले तेही बरोबर आहे. मॉरिस बँडमन आणि जहांगीर फ्रामजी कराका यांनी रॉयल ऑपेरा हाऊस उभारले. बांधकाम पुरे व्हायचे असतानाच, १९११ मध्ये, पंचम जॉर्ज यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले आणि पुढच्या वर्षी ते प्रेक्षकांसाठी खुले झाले. मात्र नुसत्या ऑपेराच्या प्रयोगांवर एवढे मोठे घर मुंबईत चालणे कठीण होते. म्हणून बालगंधर्व, मास्टर दीनानाथ आणि पुढे पृथ्वीराज कपूर यांच्यासारखे कलावंत याच रंगमंचावर उभे राहिले आणि बोलपटांचा जमाना आल्यावर या नाट्यगृहाचे चित्रपटगृह झाले. १९५२ मध्ये गोंडलच्या महाराजांनी ही वास्तू विकत घेतली. प्रेक्षक हळूहळू ओसरत गेले आणि १९९३ मध्ये बंद झालेली तिची दारे उघडायला २०१६ साल उजाडावे लागले. वास्तुरचनाकार आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीखाली झालेल्या या कामाला युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला. आपण ‘नूतनीकरण’ हा शब्द वापरला आहे. मला ‘जीर्णोद्धार’ हा शब्द अधिक योग्य वाटतो, कारण इथे नवे काही करायचे नव्हते, जे होते ते पुन्हा उजेडात आणायचे होते.

वडिलांच्या आठवणीला आणखी एक संदर्भ आहे. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी ज्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागला, १४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’ ज्या मॅजेस्टिकमध्ये झळकला आणि प्रभातचा ‘संत तुकाराम’ ज्या सेंट्रलमध्ये वर्षभराहून अधिक काळ चालला, ती सगळी चित्रपटगृहे गिरगावचीच. भारतीय मूकपट आणि बोलपट दोघांचाही पाळणा याच परिसरात हलला. म्हणून या भागातली एक जरी वास्तू नीट उभी राहिली, तरी मला ती साऱ्या मराठी प्रेक्षकांची मिळकत वाटते.

प्रश्न : आमच्या शहरात डागडुजी करून पुन्हा सुरू झालेल्या एका चित्रपटगृहात १९५० च्या सुमाराचा कृष्णधवल चित्रपट पाहिला. पडदा काठोकाठ भरलेला होता, पण नायिकेचे कपाळ आणि नाचताना तिची पावले सारखी कापली जात होती. मूळ प्रतच खराब असावी का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : प्रतीत दोष असण्याची शक्यता कमी आहे. दोष दाखवणाऱ्याचा दिसतो, आणि मला तो गंभीर वाटतो. त्या काळच्या बोलपटांची चौकट जवळजवळ चौरस असे. उंची एक धरली तर रुंदी १.३७. आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या चौकटीची रुंदी उंचीच्या १.८५ पट असते. हा रुंद पडदा काठोकाठ भरण्यासाठी जुने चित्र मोठे केले की वरून आणि खालून मिळून चित्राचा पाव भागाहून थोडा अधिक हिस्सा पडद्याबाहेर जातो. कपाळावरची चंद्रकोर आणि पायांतले घुंगरू छायालेखकाने विचारपूर्वक चौकटीत बसवलेले असतात, आणि आपल्याकडे नेमके तेच गेले. चित्र पूर्ण दाखवायचे तर पडद्याच्या दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहणारच. मखमली पडदे आत ओढून ते झाकता येतात, आणि पूर्वीची चित्रपटगृहे तसे करीतही असत. ‘पडदा अर्धा रिकामा का?’ अशी तक्रार प्रेक्षक करतात म्हणून व्यवस्थापक घाबरतात, हे मी समजू शकतो. तरी आपण त्यांना लेखी कळवावे. छताच्या नक्षीवर सोनेरी वर्ख चढवणाऱ्यांनी चित्राच्या चारही कडा सांभाळायला हव्यात.

प्रश्न : जुन्या रिळांवरून दाखवलेल्या चित्रपटात मधूनच उजव्या कोपऱ्यात वर एक ठिपका चमकून जातो. तो कशाचा?
— एक वाचक, पुणे

उत्तर : तो ऑपरेटरसाठी केलेला इशारा असतो. दोन हजार फुटांचे रीळ साधारण वीस ते बावीस मिनिटांत संपते, म्हणून केबिनमध्ये दोन प्रोजेक्टर असत. पहिला ठिपका दिसला की दुसऱ्या यंत्राची मोटर सुरू करायची आणि काही सेकंदांनी दुसरा ठिपका दिसताच चित्र त्या यंत्रावर घ्यायचे. हात सराईत असला की प्रेक्षकांना काही कळत नसे.

प्रश्न : आमचे मंडळ ‘राजा हरिश्चंद्र’ दाखवणार आहे. काही ठिकाणी त्याचा अवधी चाळीस मिनिटे दिलेला आढळतो, तर काही ठिकाणी तासाभराचा. खरे काय मानावे?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : हा फरक गतीमुळे पडतो. चित्रपटाची लांबी ३,७०० फूट होती आणि पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात सोळा चौकटी, म्हणजे सुटी चित्रे, बसतात. मूकपटांच्या काळाला साजेशा, सेकंदाला सोळा चौकटी या गतीने तो चालवला तर सुमारे बासष्ट मिनिटे लागतात. बोलपटांच्या चोवीस चौकटींच्या गतीने तोच एक्केचाळीस मिनिटांत संपतो आणि त्यातली माणसे दुडूदुडू पळू लागतात. मूकपट म्हणजे पळापळीचा तमाशा, हा गैरसमज बराचसा या चुकीच्या गतीने पसरवला आहे.

आपल्याला मात्र हा चित्रपट पूर्ण मिळणार नाही. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने, विशेषतः त्याचे पहिले अभिरक्षक पी. के. नायर यांनी, फाळक्यांच्या चित्रपटांचे अवशेष आस्थेने शोधून जपले. तरीही ‘राजा हरिश्चंद्र’ची फक्त पहिली आणि शेवटची रिळे हाती लागली. तीही १९१७ मध्ये पुन्हा चित्रित केलेल्या आवृत्तीची असावीत, असे काही अभ्यासक मानतात. खेळाआधी प्रेक्षकांना हे जरूर सांगा. डिजिटल प्रत मिळाली तर ती कोणत्या गतीने तयार केली आहे, याचीही चौकशी करा. मूकपट शांततेत पाहिला जात नसे, साथीला वाद्ये असत, म्हणून पेटी-तबल्याची सोय करा आणि वादकांना आदल्या दिवशी चित्र दोनदा दाखवा.