प्रिंटर यादीत दिसत नाही, पण प्रिंट मात्र निघते

प्रश्न : नमस्कार सर, आमचं डीटीपी आणि झेरॉक्सचं छोटं दुकान आहे. काउंटरवर फायबरवाल्यांनी बसवलेला वायफायचा डबा आहे, पण आतल्या खोलीत रेंज येत नव्हती म्हणून दुसरा राउटर आणला आणि केबल ओढून आत लावला. तेव्हापासून आतल्या उबुंटूच्या दोन्ही मशीनवर प्रिंटर यादीत येतच नाही, काउंटरवर मोबाईलमध्ये मात्र लगेच दिसतो. आणि प्रिंटरचा आयपी हाताने टाकला तर आतूनसुद्धा प्रिंट निघते! प्रिंटरवाला म्हणतो ड्रायव्हर परत टाका, नेटवाला म्हणतो प्रिंटर खराब आहे, मी पार वैतागलेय. – एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, ड्रायव्हरला अजिबात हात लावू नका. आयपी टाकल्यावर प्रिंट निघते म्हणजे प्रिंटर ठीक, ड्रायव्हर ठीक, रस्ताही चालू आहे, फक्त मशीनला प्रिंटर सापडत नाहीये. सापडणं आणि पोहोचणं ही दोन वेगळी कामं आहेत, ती एकात एक घातली की माणूस दिवसभर भलत्याच जागी शोधत बसतो, म्हणून मी सगळ्यांना सांगतो की काहीही बदलायच्या आधी एकदा आयपी टाकून बघाच.

सापडण्याचं काम करतं मल्टिकास्ट डीएनएस. ॲपलने हे २००२ मध्ये आणलं, पुढे त्याला बाँजूर म्हणायला लागले, लिनक्सवर तेच काम अवाही करतं. हे म्हणजे वाड्याच्या चौकात उभं राहून हाक मारल्यासारखं आहे, मशीन २२४.०.०.२५१ या पत्त्यावर, यूडीपी पोर्ट ५३५३ वर, ओरडून विचारतं की प्रिंटर कुणी आहे का, आणि ज्याला ऐकू येतं तो ओ देतो. पण ही हाक राउटरच्या पलीकडे जात नाही, तो बिघाड नाही, ते मुद्दाम तसंच ठरवलेलं आहे.

आता तुमच्याकडे काय झालं असणार ते सांगतो. केबल तुम्ही नव्या राउटरच्या वॅन पोर्टमध्ये, म्हणजे बाहेरून इंटरनेट घ्यायच्या खाचेत लावलीत, त्यावर बहुतेक तसंच लिहिलेलं असतं किंवा त्याचा रंग वेगळा असतो, त्यामुळे त्याने आत स्वतःचं वेगळं नेटवर्क उभं केलं. आतल्या मशीनचा आयपी बघा आणि प्रिंटरचा बघा, एक १९२.१६८.०.काहीतरी आणि दुसरा १९२.१६८.१.काहीतरी, असा तिसरा आकडा वेगळा निघाला तर संशयच नको. आतून बाहेर जाणारं काम तो राउटर इंटरनेटसारखंच पुढे पाठवतो म्हणून आयपीवर प्रिंट निघते, हाक मात्र त्याच्यापाशीच थांबते. उलट्या बाजूनेही ताडून बघा, काउंटरवरच्या मशीनवरून आतल्या मशीनचं शेअर केलेलं फोल्डर उघडणार नाही.

उपाय सोपा आहे. नव्या राउटरच्या सेटिंगमध्ये ॲक्सेस पॉइंट मोड (वेगळं नेटवर्क न करता नुसतं वायफाय पसरवणारा) असेल तर तो चालू करा, संपलं. नसेल तर आधी त्याचं डीएचसीपी, म्हणजे मशीनना आपोआप आयपी वाटायचं काम, बंद करा, मग त्याचा स्वतःचा आयपी काउंटरवरच्या डब्याच्या रांगेतला पण तो डबा इतर कुणाला वाटत नाही असा द्या, १९२.१६८.१.२५० वगैरे, आणि सगळ्यात शेवटी केबल वॅनमधून काढून लॅन पोर्टात (आतली मशीन जोडायच्या खाचेत) घाला. हा क्रम पाळाच, कारण डीएचसीपी चालू असताना केबल हलवलीत तर दोन डबे एकाच वेळी आयपी वाटायला लागतात आणि अख्ख्या दुकानाचं नेट कधी चालणार कधी बंद पडणार असं होतं.

झाल्यावर उबुंटूवर अवाही-युटिल्स हे पॅकेज टाकून टर्मिनलमध्ये अवाही-ब्राउझ ही कमांड डॅश एआरटी लावून चालवा. ज्या ओळीच्या सुरुवातीला अधिकचं चिन्ह आहे ती सेवा ऐकू आली, जिच्यापुढे बरोबरचं चिन्ह आहे तिचा पत्ता आणि पोर्टसुद्धा मिळाला. प्रिंटरच्या ओळीला दोन्ही दिसलं की काम फत्ते. आणि कुणी फायरवॉल बंद करा म्हणालं तर कृपा करून ऐकू नका, उबुंटूचं यूएफडब्ल्यू या हाकेला मुळातच वाट देतं, ग्राहकांचे पेन ड्राइव्ह दिवसभर लागणाऱ्या दुकानात फायरवॉल उघडी टाकायची नसते.

प्रश्न : शाळेच्या लॅबमध्ये एका मशीनवर लिनक्स नीट बसवून त्याचीच इमेज (डिस्कची हुबेहूब नक्कल) बाकी सगळ्यांवर टाकली. आता लॅब.लोकल या नावाने लॉगिन केलं की रोज वेगळंच मशीन उघडतं, आणि कुठे कुठे लॅब-२, लॅब-३ अशी नावं दिसतात जी आम्ही दिलेलीच नाहीत. – एक शिक्षक, सातारा

उत्तर : सर, इमेजबरोबर नावही कॉपी झालं. सकाळी जे मशीन आधी चालू होतं ते लॅब हे नाव पकडतं, मागून येणाऱ्याला अवाही स्वतःच -२, -३ जोडून देतं, म्हणून मुलांनी ज्या क्रमाने मशीन चालू केली त्यावर त्या दिवसाची नावं ठरतात. प्रत्येक मशीनला होस्टनेम-सीटीएल ही कमांड वापरून वेगळं नाव द्या, होस्ट्स फाईलमध्येही तेच लिहा आणि अवाही रीस्टार्ट करा. इमेजमधून मशीन-आयडी, म्हणजे लिनक्सने मशीनला दिलेला ओळख क्रमांकसुद्धा सगळीकडे तोच गेलेला असतो, त्यामुळे काही ठिकाणी डीएचसीपी दोन मशीनना एकच आयपी देऊन बसतं, तेव्हा इटीसी फोल्डरमधली मशीन-आयडी नावाची फाईल रिकामी करून रीबूट करा, नवीन आयडी आपोआप तयार होतो. पुढच्या वेळी हे काम इमेज काढायच्या आधीच करा म्हणजे प्रत्येक मशीनपुढे बसावं लागणार नाही.

एकाच मशीनला -२ लागत असेल तर ते केबल आणि वायफाय दोन्हींनी एकाच नेटवर्कला जोडलेलं आहे का बघा, कधीकधी ते स्वतःचीच हाक दुसऱ्या कार्डावरून ऐकून नाव गेलं असं समजतं. दोन्हीतलं एक बंद करा.

प्रश्न : लाईट गेली, प्रिंटर बंद पडला, तरी इन्व्हर्टरवरच्या लॅपटॉपमध्ये त्याचं नाव दिसत राहतं आणि प्रिंट दिली की नुसतं फिरत बसतं. असं का? – एक वाचक, जळगाव

उत्तर : बटण दाबून नीट बंद केला की प्रिंटर जाता जाता निरोप पाठवतो आणि नाव लगेच निघतं. लाईट गेल्यावर निरोप द्यायला वेळच मिळत नाही. मग जुनी नोंद मुदत संपेपर्यंत लॅपटॉपमध्ये राहते, आणि २०१३ च्या आरएफसी ६७६२ मध्ये, म्हणजे मल्टिकास्ट डीएनएसच्या नियमांच्या दस्तऐवजात, पत्त्याची मुदत १२० सेकंद सुचवलीय तर बाकी नोंदींची ७५ मिनिटं. म्हणजे पत्ता दोन मिनिटांत गेला, नाव तासभर लटकत राहिलं. काही बिघडलेलं नाही, लाईट आली की आपोआप जुळतं.

प्रश्न : होस्टेलच्या वायफायवर माझी टीव्ही स्टिक आणि फोन दोन्ही आहेत, दोन्हींवर नेट चालतं, पण फोनला स्टिक सापडत नाही. – एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : स्टिक आणि फोन दोन्ही मित्राच्या हॉटस्पॉटवर घेऊन बघ. तिथे सापडली तर होस्टेलच्या वायफायवर क्लायंट आयसोलेशन, म्हणजे जोडलेल्या उपकरणांना एकमेकांशी बोलू न देणारी सोय, लावलेलं आहे, एका खोलीतल्या पोराने दुसऱ्याच्या फोन-लॅपटॉपमध्ये डोकावू नये म्हणून ते लावतात आणि माझ्या मते लावायलाच हवं, तेव्हा ते काढा म्हणून वॉर्डनच्या मागे लागू नकोस. परवानगी असेल तर खोलीत स्वतःचा छोटा राउटर लाव आणि दोन्ही त्याच्यावर घे. हॉटस्पॉटवरही सापडली नाही आणि फोन आयफोन असेल तर सेटिंगमध्ये प्रायव्हसीखाली लोकल नेटवर्क उघडून त्या ॲपचं बटण चालू आहे का बघ, २०२० मध्ये आयओएस १४ आलं तेव्हापासून ही परवानगी प्रत्येक ॲपला वेगळी द्यावी लागते आणि पहिल्यांदा विचारलं तेव्हा घाईत नको म्हटलं असशील तर ते ॲप परत विचारत नाही. फोनवर व्हीपीएन चालू असेल तर तेही बंद करून बघ.