दाण्याच्या बटरमध्ये खजूर घालताना

गोडीसाठी भिजवलेले खजूर घातले आणि तुमचं बटर मिक्सरमध्ये एकदम गोळा झालं ना? दोष दाण्यांचा नाही, खजुरातल्या पाण्याचा. दाण्यांना तेल सुटलेलं असतं, त्यात दोन चमचे पाणी गेलं तरी सगळं आवळून येतं. माझ्या पहिल्या गोळ्याचे मी शेवटी लाडू वळले, घरात कुणाला पत्ता लागला नाही.

खजुराऐवजी खारकेची पूड घ्या. बिया काढून तुकडे करा, मंद आचेवर कोरडे भाजा आणि पूर्ण गार झाल्यावरच दळून चाळा. गरम दळलीत तर भांड्याला चिकटून बसते. २०० ग्रॅम दाणे आधी चांगले वाहते होईपर्यंत फिरवा, मगच दोन मोठे चमचे पूड. चिमूटभर मीठ हवंच, गोडी उठून येते. घरी मधुमेहाचं कुणी असेल तर खारीक काय, गूळ काय, हात आखडताच ठेवा. त्यातही साखरच असते.

साखर नकोच असेल तर स्टीव्हिया, म्हणजे गोड पानांची एक वनस्पती. तिचा शुद्ध अर्क साखरेच्या २०० ते ३०० पट गोड, म्हणून सुरीच्या टोकावर मावेल इतकाच. जास्त झाला की जिभेवर कडवटपणा रेंगाळतो. कोकोच्या स्प्रेडमध्ये तो बराचसा लपतो. जॅममध्ये मात्र साखर आळायला आणि टिकायलाही लागते, त्यामुळे स्टीव्हियाचा जॅम पातळ राहतो. छोटी बाटलीभरच करा आणि फ्रिजमध्ये ठेवा, बाहेर राहिला की बुरशी धरतो.