उजनीतली चिलापी औषधाने संपेल का?

तुमचा प्रश्न असा, की अमेरिका-कॅनडाच्या महासरोवरांत औषध वापरून लँप्रे आटोक्यात आणला, मग उजनी धरणात चिलापी (तिलापिया) आणि सकर (सकरमाउथ कॅटफिश) या बाहेरून आलेल्या माशांवर तेच का नको? मुळात ते औषध सरोवरात टाकतच नाहीत, ओढ्यांत टाकतात. सगळी मेख तिथे आहे.

सागरी लँप्रे म्हणजे वामीसारखा लांबुळका, जबडा नसलेला प्राणी. गोल तोंडातल्या शिंगी दातांनी ट्राउट माशाच्या कुशीला चिकटतो, जिभेने कातडी किसून भोक पाडतो आणि रक्त शोषतो. नायगारा त्याला चढता येत नव्हता, त्याला वळसा घालणाऱ्या वेलँड कालव्याने वाट करून दिली. १९२१ मध्ये तो ईरी सरोवरात दिसला आणि पुढे वरच्या सगळ्या सरोवरांत पसरला. लेक ट्राउटची मासेमारी अक्षरशः बसली. पण अंडी घालायला त्याला नद्या-ओढ्यांत चढावंच लागतं, आणि पिल्लं काही वर्षं तिथल्याच गाळात पुरून राहतात. हजारो रसायनं तपासल्यावर टीएफएम हे लँप्रेनाशक औषध हाती लागलं. १९५८ पासून ते ओढ्यांत सोडतात. मात्रा नीट असेल तर लँप्रेची पिल्लं मरतात, बाकीचे बहुतेक मासे तगतात. लँप्रे सुमारे ९० टक्क्यांनी घटला. संपला मात्र नाही. २०२०-२१ मध्ये कोविडमुळे बरेच ओढे राहून गेले, तर लगेच त्याने डोकं वर काढलं.

चिलापी अशी कोंडीत सापडत नाही. नर उथळ तळाला खळगा करतो, मादी अंडी तोंडात घेऊन फिरते, वर्षातून अनेकदा वीण. धरण आटवू म्हणाल, तर उपयुक्त साठा शून्यावर आला तरी ६३ टीएमसी मृतसाठा उरतोच. शिवाय तेच पाणी सोलापूर पितं, विषाचं नावही काढू नका.

अमेरिकेतल्या यलोस्टोन सरोवराचं उदाहरण आपल्याला जास्त जवळचं. तिथे १९९४ मध्ये बाहेरून आलेला लेक ट्राउट सापडला. स्थानिक कटथ्रोट ट्राउट तो फस्त करत होता. तेव्हापासून दरवर्षी जाळी लावतात. काही माशांना रेडिओ बसवून सोडतात, ते विणीच्या जागा दाखवतात. मग मेलेले मासे तिथेच अंड्यांवर टाकूनही पाहिले. ते कुजताना ऑक्सिजन खेचतात आणि अंडी गुदमरतात. खर्च अफाट, आणि तो कायमचा. उजनीकाठच्या भिगवणच्या बाजारात तर चिलापीवर कित्येकांची चूल पेटते. ती संपवायला मच्छीमार का येतील? तिला पकडत राहायचं, पण बारीक आसाची (छिद्रांची) जाळी बंद हवीत, नाहीतर कटला-रोहूची बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) सोडून काही उपयोग नाही.

सकरचं वेगळं. त्याला गिऱ्हाईक नाही, काट्यांनी जाळी फाटतात, वैतागून लोक तो परत पाण्यात भिरकावतात. त्यापेक्षा किलोमागे पैसे देऊन तो काठावरच उतरवून घ्या. हा मासा काठाच्या मातीत बिळं करून अंडी घालतो. पाणी ओसरताना ती बिळं हुडकता येतील. माझ्या हातात असतं तर सुरुवात तिथून केली असती.